एकच लाल रेघ

मित्रांनो, मी एक जुनी लाल पेन्सिल आहे. तुमच्या अंगठ्याएवढीच आता उरले आहे. कारखान्यात लाकडाच्या दोन पट्ट्यांमध्ये रंगाची कांडी चिकटवून मला घडवले. पुढे मी जमीनमोजणी कार्यालयातल्या एका आरेखकाकडे आले. तो मला फार जपून वापरी. महिनोन्‌महिने मी डब्यात कुढत पडलेली असे.

त्याची धाकटी बहीण रुग्णालयात परिचारिका होती. तिच्या वॉर्डात म्हातारे रुग्ण खाटेवरून पडू लागले होते. मोठ्या डॉक्टरांना ते दाखवण्यासाठी तिने सगळ्या अकरा वॉर्डांचा आलेख काढला, तोही अकरा रंगांत. त्यासाठी भावाकडून माझा डबा मागून नेला आणि मलाही मनसोक्त वापरले. चौकट लाल, शीर्षक लाल, तिच्या वॉर्डाची रेघही लाल. मी खूश! डॉक्टर म्हणाले, "वा सिस्टर, छान रंगीत काढलंय," आणि कागद परत दिला.

ती डबा घेऊन तणतणत भावाकडे आली.

"अगं, हा आलेख आहे की गोधडी?"

"टोमणे नंतर मार, दादा. आज पुन्हा एक आजोबा पडले. कंबरेचं हाड मोडलं."

त्याने नवा कागद घेतला. दहा वॉर्डांच्या रेघा शिसपेन्सिलीने फिकट काढल्या आणि प्रत्येकीच्या टोकाशीच वॉर्डाचे नाव लिहिले.

"उभं माप ताण ना जरा, चढ मोठा दिसेल."

"नाही. आहे तेवढाच दाखवायचा. एकदा फसवल्यासारखं वाटलं, की खऱ्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही."

शेवटी त्याने मला उचलले आणि एकच रेघ ओढली. पाच महिने सपाट, मग चढती. एवढ्यातच माझे काम संपले, म्हणून मला रागच आला.

दुसऱ्या दिवशी मी बहिणीच्या खिशात होते. डॉक्टर या वेळी 'छान' म्हणालेच नाहीत. रेघ वर वळली तिथे त्यांनी बोट ठेवले. "इथे काय झालं?"

"त्या महिन्यात आमच्या वॉर्डातली एक आया कमी केली, सर."

सोमवारी आया परत आली.

आता कार्यालयात संगणक आहे, रंग हवे तेवढे आहेत, आणि मला कोणी विचारत नाही. असो. पण मित्रांनो, आलेखात रंग भरण्याआधी थोडे थांबा. पाहणाऱ्याला नेमके काय दिसायला हवे, ते ठरवा आणि तेवढ्यालाच रंग द्या. त्याने कौतुक केले नाही तरी चालेल. त्याचे बोट योग्य जागी पडले पाहिजे.