तिसरी उडी

"मामा, ह्या काचेला हळद कुणी फासली?"

नागसेन सर असे ओरडले, की भोकरदनच्या कॉलेजावरून उडालेली कबुतरं म्हणे थेट जालन्याच्या एमआयडीसीत जाऊन टेकली.

प्रयोगशाळेचे शिपाई भुजंगमामा मात्र शांत. "मीच की, सर. खंडेनवमीला साऱ्या हत्यारांची पूजा केल्ती. तराजूला कुंकू, बर्नरला झेंडू. मंग तुमच्याच यंत्रानं काय पाप केलं?"

"अन् टोपण काढायचं काय नडलं होतं?"

"टोपी घालून कुठं पूजा घेत्यात का?"

पीएच मोजणाऱ्या त्या नळीचं टोक सदा ओलं लागतं. दसऱ्याची सगळी सुट्टी ती लाल फडक्यावर हळद माखून वाळत पडली होती. आता ॲसिडात बुडवा, सात. कॉस्टिक सोड्यात बुडवा, सात. मामांच्या चहातही सातच, ना आम्ल ना अल्क. इतकं निःपक्षपाती यंत्र अख्ख्या जिल्ह्यात नसेल!

आणि नेमकं आजच. वर्षानुवर्षं तासाच्या बोलीवर शिकवल्यावर कायमची जागा निघाली होती, आणि निवड समितीला प्रयोग दाखवायचा होता फॉस्फरिक ॲसिडच्या टायट्रेशनचा. नागसेननं नळी घासली, धुतली, शिव्या घातल्या. आकडा ढिम्म. शेवटी समितीसमोर त्यानं यंत्र बाजूला सारलं आणि रंगावर काम भागवलं.

कॉस्टिक थेंबथेंब पडत गेलं. मिथिल ऑरेंजचा लाल रंग पिवळा झाला. "पहिला हायड्रोजन गेला. इथं पीएच एकदम चढतो." दुसऱ्या चंबूत साधारण दुप्पट कॉस्टिक गेल्यावर फिनॉल्फ्थॅलिन गुलाबी झालं. "दुसरा गेला. इथं परत उडी."

"अन् तिसरा?" अध्यक्षांनी विचारलं.

"तो फार घट्ट धरलेला असतो, सर. तो सुटेपर्यंत पीएच आधीच वर गेलेला असतो. वेगळी उडी दिसत न्हाई."

"काय सांगून राह्यले! तीन हायड्रोजन, तीन उड्या. आमच्या टायमाला बराबर दिसायची." अध्यक्षांनी खडू पुढं केला. "यंत्र बिघडलं, ठीक. फळ्यावर आलेखात तीन उड्या काढा, विषय मिटवू. जल्दी करा, जेवण थंड होऊन राह्यलं."

नागसेननं एक उडी काढली. मग सपाट चढ. दुसरी उडी. मग हात थबकला. मनगटाला एक हिसका, की जन्माचं काम झालं. रेघ तशीच, किंचित चढत, फळ्याच्या चौकटीपर्यंत सरपटत गेली.

"प्रयोग अपुरा," म्हणत अध्यक्ष उठले. समिती जेवायला गेली.

भुजंगमामा दारात उभे होते, चेहरा पडलेला. "माझ्या हळदीनं घात केला ना, सर?"

नागसेनच्या डोक्यात अजून असा जाळ होता, की त्यावर भाकरी भाजली असती. पण तो म्हणाला, "न्हाई मामा. यंत्र धडधाकट असतं, तरी तिसरी उडी आली नसती."

मामांना त्यातलं काय कळलं कोण जाणे. समितीसाठी केलेला वेलदोड्याचा चहा किटलीत तसाच राहिला होता, तो त्यांनी चांगल्यातल्या कपात ओतला, बशीसकट. नागसेननं तो उभ्यानंच प्यायला आणि पुढच्या तासाला गेला.