इको बंद केला तेव्हा

मित्रांनो, आता माझ्या गळ्यातून आधी खरखर निघते, मग शब्द. कर्नाटकातल्या लोंढ्याच्या बाजूच्या एका गावातल्या भजनी मंडळाचा मी जुना स्पीकर आहे. बेळगावच्या दुकानात मला जोडलं आणि मंदिरात आणून हार घातला. किती कीर्तनं मी अंगावर घेतली! बुवांचा 'विठ्ठल' माझ्यातून निघाला की शिवारातला माणूसही हात जोडायचा. आवाज घुमवणारं 'इको'चं बटण मंडळाचा माइकवाला मष्णूअण्णा कायम टोकाला ठेवायचा. पुढं माझं कापड फाटलं, उंदरांनी वायर कुरतडली. दमून मी कोपऱ्यात पडलो.

एके सकाळी पंचायतीतल्या रूपालीनं मला पुसून, वायर बदलून बाहेर काढलं. गावातल्या म्हाताऱ्या राजाबाईंची कोर्टाची तारीख होती. पुतण्यानं त्यांच्या घराची वाट काटे घालून अडवली होती. म्हातारी गुडघे धरत ओढ्यातून ये-जा करी. कोर्ट लांब, बसमध्ये चढवत नाही, म्हणून तारखा चुकलेल्या. ही चुकली तर दावाच बुडणार होता. वकिलांनी मोबाइलवरून हजर राहायची परवानगी काढली. पण आज्जींचा आवाज बारीक, कानही मंद. म्हणून मोबाइल आणि माइक मला जोडले.

न्यायाधीश साहेब पडद्यावर दिसले. राजाबाई बोलल्या, "वाट बंद केलीया."

मी सवयीनं घुमलो, "केलीया... लीया... लीया..."

"काय हो, तिकडं भजन चाललंय काय?" साहेब वैतागले. "काही समजत नाही. बाईंना इथंच घेऊन या."

आज्जींचा चेहरा उतरला.

"मष्णूअण्णा, इको काढा की," रूपाली कुजबुजली.

"मग आवाजात देव ऱ्हाईल व्हय गं?"

"देवाला ऐकू येतंय रं मष्णू," राजाबाई म्हणाल्या. "सायबास्नी येईना."

मष्णूनं बटण मागं फिरवलं. माझ्यातून पहिल्यांदाच माणसाचा उघडा आवाज गेला. थकलेला, पण सरळ.

"सायब, लगीन होऊन आलते ते त्याच वाटंनं. शेवटाला जाईन बी त्याच वाटंनं. एवढंच म्हणणं हाय."

साहेबांनी समोरचा कागद ओढून काही लिहिलं. मग कन्नडमधून हुकूम झाला आणि रूपालीनं तो आज्जींच्या कानाशी मराठीत सांगितला: निकाल लागेपर्यंत वाट मोकळी ठेवायची. आज्जींनी माइकलाच नमस्कार केला.

आता मंडळानं नवा स्पीकर आणलाय. काल भंगारवाला मला बघून गेला. मित्रांनो, माझी तक्रार नाही, लई थकलोय. फक्त मला उचलण्याआधी गावात एक फेरी मारा. कुणाचं म्हणणं सांगायचं राहिलंय का, विचारा. राहिलं असेल, तर तेवढी वायर जोडा.

इको मात्र नको.