सातव्या बेटावरची चाळीस शून्यं

"शोधून सापडलं नाही, तर शून्य. शोधलंच नाही, तर आडवी रेघ. यात घोळ घातलास तर पाखरं मरतील, पोरी." मी चौथीत असताना बाबा हे सांगायचे आणि मी त्यांच्या वहीत रेघा ओढत बसायचे.

आता त्याच वह्या माझ्या टेबलावर आहेत. सात बेटं, समुद्रपक्ष्यांची घरटी, घरट्यागणिक गोचिडांची मोजणी. सहा बेटांवर दर तिसऱ्या घरट्यात गोचीड. सातव्यावर चाळीस घरटी, चाळीस शून्यं. त्यांच्या भरवशावर सोमवारी एका दुर्मिळ जातीची शेवटची बारा पिल्लं तिथे सोडायची होती. सही माझी हवी होती.

"कर की," माझ्या ऑफिसातले साहेब म्हणाले. "तुझ्याच बाबांचा आकडा. घरच्या दुधात पाणी कशाला शोधतेस?"

पण पाखरं या बेटावरून त्या बेटावर जातात, लेकी माहेरी जाव्यात तशी. जाताना गोचीड पोटाशी नेतात. सातव्याच दारी रिकाम्या हाताने कशी जातील? मग त्या पानावरची तारीख पाहिली. इस्पितळात आई गेली, तो दिवस. बाबा तेव्हा नव्हते. "बेटावर अडकलो, होडीच मिळाली नाही," असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं. आईने शेवटपर्यंत त्यांना मारलेल्या हाका ऐकलेल्या मावशीनेही तेवढ्यावर त्यांना माफ केलं होतं.

वही घेऊन घरी गेले. बाबा खिडकीशी शेंगा सोलत होते.

"सातव्या बेटावर गेला होतात?"

"लिहिलंय ना."

"चाळीस शून्यं, एका दमात, एका शाईत. वाऱ्यात उभं राहून असं लिहिता येतं?"

"बापाची परीक्षा घेतेस? शिकवलं ते चुकलंच माझं."

"तिथे गोचीड असले तर रक्त शोषून पिल्लं आठवड्यात कोरडी पडतील, बाबा. बाराच आहेत."

त्यांचे हात थांबले.

"रेघ मारली असती, तर लोकांनी विचारलं असतं, मग होतास कुठे?"

"कुठे होतात?"

"तिच्या खिडकीखालच्या बाकावर. दिवसभर. हाका ऐकू येत होत्या गं. जिना चढायला पायच उचलले नाहीत."