जलानंदांचा हंडा आणि अनिताबाईंचं मडकं

इंदुरीच्या घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. जलानंद महाराज इंद्रायणीचं फेसाळ, काळपट पाणी हंड्यात ओतत होते आणि खालच्या तोटीतून ते नितळ होऊन गळत होतं.

"गंगामाई हिमालय सोडून आमच्या हंड्यात आली!" महाराज गरजले. नदीतच का नाही उतरली, हे कुणी विचारलं नाही.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या अनिताने विचारलं असतं. पण तिचं लक्ष शेजारच्या लीलाबाईकडे होतं. लीलाबाईच्या लेकीला, कोमलला, कावीळ झाली होती. डॉक्टरांनी तिला ताबडतोब तळेगावला भरती करायला सांगितलं होतं, आणि ही आठ दिवस तिला हेच तीर्थ पाजत होती.

"मावशी, दवाखान्यात न्या हो तिला."

"म्हाराज म्हनले, औशद आन् तीर्थ एका पोटात नांदत न्हाई."

अनिताला रडू यायचंच बाकी होतं. महाराजांच्या मठामागे तिने करवंट्यांचे, भाजीच्या देठांचे ढीग आणि काजळलेलं पत्र्याचं पिंप पाहिलं होतं. दुसऱ्याच दिवशी तिने शाळेच्या पटांगणात तसंच पिंप मांडलं. बायकांनी घरून आणलेल्या करवंट्या आणि वाळलेला कचरा आत भरला, झाकण घट्ट बसवलं, धुराला एक भोक ठेवलं आणि बाहेरून जाळ लावला. निवल्यावर आतला कोळसा कुटून, धुऊन मडक्यात भरला. वरून नदीचं पाणी ओतलं; खालून नितळ आलं.

"हवा कमी मिळाली की कचऱ्याची राख होत नाही, कोळसा होतो," ती म्हणाली. "त्याच्या बारीक छिद्रांत रंग आणि वास अडकतो. काविळीचे जंतू मात्र सुटून खाली येतात. नितळ पाणी शुद्ध असतंच असं नाही. उकळूनच प्या. महाराजांच्या हंड्यातही असाच कोळसा आहे, तुमच्याच कचऱ्याचा!"

बायकांनी माना डोलावल्या. पटलं बहुतेक, असं अनिताला वाटलं. तेवढ्यात लीलाबाई पुढे आली, कोळशाची चिमूट कपाळाला लावली आणि तिने अनिताचे पाय धरले.

"बाई, तुमच्या अंगात देवी हाय, आमाला ठावंच न्हवतं! म्हाराजांच्या तीर्थानं गुन न्हाई आला. आता तुमचं द्या कोमलला."

तिच्यामागे रांग लागली.

"अहो, कचरा आहे हा, कचरा!" अनिता ओरडली.

"देवी आपल्या तोंडानं सांगती व्हय कुटं?" कुणीतरी कौतुकाने म्हणालं.

लीलाबाई बाटली भरून निघाली. अनिता धावत जाऊन तिच्या वाटेत उभी राहिली. वाद घालायला आता वेळ नव्हता. तिने डोळे मिटले.

"देवीचा हुकूम आहे. कोमलला आत्ताच्या आत्ता तळेगावला न्या. डॉक्टर देतील ते औषध द्या."

लीलाबाईने हात जोडले. अर्ध्या तासात कोमलला घेऊन जीप तळेगावच्या रस्त्याला लागली.

अनिता मडक्यापाशी मटकन बसली. समोर तिच्या नावाने नारळ फुटत होते, आणि ते थांबवायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

वाचकहो, पाणी उकळून प्या. आणि आजारी लेकराला दवाखान्यात न्यायला कुठल्याही देवीच्या हुकमाची वाट बघू नका. डॉक्टरांनी सांगितलं, एवढं पुरे आहे.