हॉलमधली वटवाघळं

मनी परदेशातून परत आली त्याला आठवडाही झाला नव्हता, तोच घरातली माणसं तिला चुकवायला लागली होती.

कारण साधं होतं. तिचं प्रत्येक वाक्य ‘तिकडे’ या शब्दाने सुरू व्हायचं. तिकडे कोणी नळ वाहता सोडत नाही. तिकडची मुलं पावलाचा ठसा बघून हत्ती कधी गेला ते सांगतात, आणि आपली पोरं झोपलेल्या कुत्र्याला दगड मारतात. ‘तिकडे’ आलं की दादा वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचा. वहिनीने मात्र एकदा विचारलंच, “मनी, तिकडे भाजीत मीठ कोण घालतं गं? इकडे तू दोनदा घातलंयस.”

मनी प्राथमिक शाळेतली शिक्षिका. लहानपणी दिसेल ते मांजराचं पिल्लू उचलून आणायची, म्हणून घरात मनी हे नाव पडलं आणि पस्तिशी आली तरी सुटलं नाही. बिनपगारी रजा घेऊन ती वर्षभर जंगलाला लागून असलेल्या एका दूरच्या गावी राहिली होती. सकाळी तिथल्या शाळेत शिकवायचं आणि दुपारी जखमी, अनाथ प्राण्यांच्या केंद्रात राबायचं. बाटलीने दूध पाजून तिने माकडांची पिल्लं जगवली होती. काम खरंच मोलाचं होतं. पण परत आल्यावर तिचं चित्त काही थाऱ्यावर नव्हतं. ‘पुन्हा येतेस का?’ असं केंद्रातून विचारणंही झालं होतं आणि ती हो म्हणण्याच्या बेतात होती.

शाळेत रुजू झाली त्याच दिवशी मुख्याध्यापिकांनी तिला हॉलमध्ये नेलं. छताच्या फळ्यांमागे वटवाघळं राहायला आली होती. खाली विष्ठेचा काळा सडा पडला होता आणि वास नाकात बसत होता. “पालक चिडलेत,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. “सोमवारी धूर करणारी माणसं बोलावलीत. आत विषारी धूर सोडायचा आणि फटी बुजवून टाकायच्या.”

मनीने विजेरी वर धरली. फळीच्या फटीतून इवली इवली अंगं एकमेकांना बिलगलेली दिसली. ती पिल्लं होती, अजून उडता न येणारी.

संध्याकाळी पालकांची सभा होती. मनी तावातावाने उठली. तिकडे लोक हत्तींबरोबर राहतात, आणि आपल्याला मुठीएवढा जीव सहन होत नाही, असं ती म्हणाली. अडाणीपणा म्हणाली, क्रूरपणा म्हणाली. मग औषधांच्या दुकानाच्या मालकीणबाई उभ्या राहिल्या. त्यांची मुलगी तिसरीत होती.

“बाई, तुम्ही वर्षभर परक्यांची पोरं सांभाळून आलात, फार छान,” त्या म्हणाल्या. “पण इथे आमची पोरं आहेत. तुमच्या पिल्लांसाठी मी माझी मुलगी पणाला लावू का?”

टाळ्या पडल्या. सोमवार कायम झाला.

घरी येऊन मनीने पर्स कॉटवर फेकली. “मी परत जाते. या लोकांना काही सांगण्यात अर्थ नाही.”

आत्या खिडकीपाशी बसून चहा पीत होती. तिची सगळी नोकरी प्रसूतिगृहात परिचारिका म्हणून गेली होती. घाबरलेल्या बायकांशी कसं बोलायचं हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, “तिकडे गेलीस तेव्हा पहिल्याच आठवड्यात भाषण केलंस?”

“छे! मला त्यांची भाषाही धड येत नव्हती.”

“मग काय केलंस?”

“काय करणार? पाणी भरलं, पिंजरे धुतले. बायकांबरोबर बसायचे, त्या काय सांगतात ते ऐकायचे. हत्तीने एकीचं सगळं शेत तुडवलं होतं. ती रडत होती, तर तिच्याजवळ बसून राहिले.”

“हत्ती मारा म्हणत असेल ना ती?”

“म्हणणारच. तिचं वर्षाचं अन्न गेलं होतं.”

“तिला अडाणी म्हणालीस?”

मनीने कॉटवरची पर्स उचलून खुंटीला अडकवली.

“तिकडे तू पाहुणी होतीस,” आत्या म्हणाली. “पाहुण्याचं वागणं नीट असतं गं. आपल्या घरात, आपल्या माणसांत आलो की आपली जीभ सुटते. परक्या बाईची भीती तुला कळली आणि या दुकानवालीची भीती म्हणजे क्रूरपणा, होय? गेल्या वर्षी तिची मुलगी रुग्णालयात होती. ती कशाने आजारी पडली होती, ठाऊक आहे तुला?”

मनीला ठाऊक नव्हतं. तिने विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती औषधांच्या दुकानात गेली. मालकीणबाईंनी तिला पाहिलं आणि गोळ्यांच्या पाकिटांवरून नजर उचलली नाही.

“काल चुकले मी,” मनी म्हणाली. “भाषण द्यायला नाही आले. तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते ते ऐकायला आलेय.”

बराच वेळ गिऱ्हाइकं येत-जात राहिली. मग त्या हळूहळू बोलू लागल्या. गेल्या वर्षी मुलीच्या छातीत संसर्ग झाला होता. रुग्णालयात तिच्या नाकाला नळी लावलेली होती. शेजारच्या खाटेवरचं मूल एका सकाळी दिसलंच नाही. तेव्हापासून मुलगी नुसती खोकली तरी या उठून तिच्या उशाशी जाऊन बसायच्या. इतरांना औषध देणारी बाई आपल्या घरात मात्र रात्र रात्र जागी असायची.

मनीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्या थांबल्यावर म्हणाली, “तुमची भीती खोटी नाही. विष्ठेची धूळ छातीत जाणं वाईटच. वटवाघळाला हात लावणं तर त्याहून वाईट. पण एक विचार करा. धूर सोडला की अर्धमेली वटवाघळं कुठे पडतील? मैदानात. आणि मुलं ती उचलतील. पिल्लं आत कुजतील ते वेगळंच.”

मालकीणबाईंनी हातातली पाकिटं खाली ठेवली. “हे कोणी बोललंच नाही.”

“मीही नाही बोलले. मी तुम्हाला नावं ठेवण्यात गुंतले होते. तुम्हीच सांगा, काय केलं तर तुमचा जीव शांत राहील?”

त्यांनी एकेक गोष्ट सांगितली. हॉलला कुलूप हवं. त्या बाजूने एकाही मुलाने जायचं नाही. साफसफाई शाळा सुटल्यावर, आधी पाणी मारून, नाकातोंडावर चांगला मास्क लावून. आणि हे कायमचं नाही. पिल्लं उडाली की वटवाघळं बाहेर गेलीच पाहिजेत. मनीने सगळं मान्य केलं. पिल्लं उडायला लागली की फटींवर जाळी अशी लावता येते, की वटवाघळू बाहेर पडतं पण आत शिरू शकत नाही, हे ती केंद्रात शिकली होती.

दोघी मिळूनच मुख्याध्यापिकांकडे गेल्या. बोलल्या मात्र मालकीणबाईच. “सोमवारचं रद्द करा,” त्या म्हणाल्या. “बाकीच्या पालकांशी मी बोलते.”

ते सोपं गेलं नाही. काहींनी नाकं मुरडली, एकाने मुलाला दुसऱ्या शाळेत घालण्याची धमकी दिली. पण मालकीणबाईंना मुलांची काळजी नाही असं म्हणायची कोणाची छाती नव्हती. सोमवारचा धूर टळला. वर्गात मनीने मुलांना पडलेल्या प्राण्याला हात न लावता मोठ्यांना हाक मारायला शिकवलं. वटवाघळाची मादी बहुधा एका वेळी एकाच पिल्लाला जन्म देते, हे ऐकल्यावर पोरांनी वटवाघळांवर भिरकावायला खिशात ठेवलेले दगड आपणहून टाकून दिले.

पिल्लं उडू लागली, जाळ्या लागल्या, आणि थोड्याच दिवसांत छत रिकामं झालं. काही वटवाघळं मनीने मागच्या भिंतीवर लावलेल्या लाकडी खोक्यांत गेली. बरीचशी कुठे गेली, कोणालाच कळलं नाही. एका संध्याकाळी औषधवाल्या बाई मुलीला घेऊन फाटकाबाहेर उभ्या होत्या. खोक्यांतून एकेक सावली सुटून आभाळात जात होती. मुलगी मोजत होती. आईने तिचा हात घट्ट धरला होता, पण तिला मागे ओढलं नव्हतं.

मनीने केंद्राला नकार कळवला. काम इथेच आहे, असं तिने घरात सांगितलं आणि त्या वाक्यात ‘तिकडे’ नव्हतं. दादाने वर्तमानपत्र बाजूला ठेवलं.

मित्रहो, दूरच्या माणसाला समजून घ्यायला आपण समुद्र ओलांडतो, आणि गल्लीतल्या माणसाचं ऐकायला रस्ता ओलांडत नाही. प्राणी वाचवायचे असतील, मुलं शहाणी करायची असतील, तर आधी शेजाऱ्याची भीती समजून घ्यावी लागेल. तिला हसून किंवा शिव्या देऊन आजवर कोणी कोणाला बदललेलं नाही. सेवा परदेशातही घडते. पण तिचा खरा कस लागतो तो जिथे आपली रोजची उठबस आहे तिथे.