बुच्कोचा साबण

माझ्या पोटात काही राहत नाही, हे आख्ख्या गावाला ठाऊक आहे. म्हणून तर लेकीनं फोनवर आधीच बजावलं. "आई, तू ये, टेबलापाशी उभी राहा, हस. पण साबणात काय असतं असं कुणी विचारलं तर गप्प बस. तुला माझी शपथ!"

"अगं, साबणात काय असायचं ते असतं. त्यात लपवायचं काय?"

"डुकराची चरबी असते आई," रुमेंका कुजबुजली. "आणि इस्क्राला ते माहीत नाही."

इस्क्रा म्हणजे नोवी साद शहरात कॉलेजच्या वसतिगृहात माझ्या लेकीच्या खोलीत राहणारी पोरगी. बेलग्रेडच्या उंच इमारतीत वाढलेली, मांसाला न शिवणारी, डुक्कर पाहिलंच असेल तर चित्रात. आल्या आल्या तिनं खोलीतली कपड्यांची पावडर, फरशीचं औषध, शाम्पू, सगळं उचलून बाहेर टाकलं. का, तर ते बनवणारे आधी सशांच्या डोळ्यांत घालून बघतात. ऐकून मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? सशानं कुणाचं काय घोडं मारलंय?

मग रिकाम्या बेसिनवर रुमेंकानं मी दिलेली साबणाची वडी ठेवली. "हा प्राण्यांवर तपासतात का गं?" इस्क्रानं विचारलं. "नाही," लेक म्हणाली. ते काही खोटं नव्हे. थंडी पडली की आम्ही डुक्कर कापतो, शेजारीपाजारी मदतीला येतात, सॉसेजं भरली जातात, आणि उरलीसुरली चरबी मी अंगणातल्या कढईत कॉस्टिक सोडा घालून उकळते. तपासत बसायला वेळ कुणाला आहे?

इस्क्राला तो साबण असा काही आवडला की तोंड त्यानंच, कपडे त्यानंच, भांडीही त्यानंच. हातावरचं पुरळ गेलं म्हणे. आता सगळ्या कॉलेजनं असलाच साबण वापरावा म्हणून तिनं कॉलेजच्या आवारात दिवाणखान्याएवढं टेबल मांडलं होतं, वर सशाचं चित्र लावलं होतं, आणि साबणवाल्या काकू म्हणून मला बोलावलं होतं. नाही कसं म्हणणार? पहिल्या वर्षी रुमेंकाला गावंढळ म्हणून कुणी जवळ करत नव्हतं. तिला मिळालेली ही एकच मैत्रीण. ती गेली असती तर माझी पोर शिक्षण सोडून घरी आली असती, हे मला पक्कं माहीत होतं.

तेव्हा गेले, पिशवीभर वड्या घेऊन. तोंडाला कुलूप लावून उभी राहिले. एक उंचाडा पोरगा वडी हुंगत म्हणाला, "काकू, यात काय काय असतं?"

"पाणी."

"आणि?"

"कष्ट."

"आणि?"

"अजून कष्ट! तू पोलिसात भरती होणार आहेस का रे?"

तेवढ्यात इस्क्रानं माईक घेतला. "मित्रांनो, ही वडी बनवताना एकाही जिवाला त्रास झालेला नाही! हो ना, काकू?" आणि माईक माझ्या तोंडाशी धरला.

रुमेंकाचा चेहरा पांढराफटक पडला होता. 'हो' एवढंच तर म्हणायचं होतं! पण मला बुच्को आठवला. एवढासा होता तेव्हा चुलीपाशी ठेवून त्याला मी बाटलीनं दूध पाजलं होतं. कापला त्या दिवशी मी घराबाहेर आलेच नाही. त्याला त्रास झाला नाही असं म्हणायला माझी जीभ रेटेना.

"बुच्कोला झाला," मी म्हणाले.

"बुच्को कोण?"

"आमचं डुक्कर. ही वडी म्हणजे तोच."

असा हशा पिकला की विचारू नका. इस्क्रानं माईक ठेवला, स्वतःच्या हाताचा वास घेतला आणि रुमेंकाकडे वळली. "तुला माहीत होतं?"

"हो."

"वर्षभर मी त्यानं तोंड धुतेय, रुमेंका!"

"तू आल्या आल्या सगळं बाहेर फेकलंस," रुमेंका रडायलाच लागली. "मला वाटलं, साबण गेला की पाठोपाठ मीही जाणार."

इस्क्रा मटकन खुर्चीत बसली. "आणखी काय लपवलंयस?"

"सॉसेज. तू वर्गात गेलीस की मी जिन्यात बसून खाते, खोलीत वास नको म्हणून."

"ते माहीत आहे मला. तुझ्या कोटाला धुराचा वास येतो."

"मग बोलली का नाहीस?"

"माझ्या आधीच्या खोलीतल्या दोघी मला कंटाळून निघून गेल्या," इस्क्रा म्हणाली. तिचेही डोळे भरले होते. "तूही गेली असतीस."

आता मला राग आवरेना. मी गप्प राहायचं म्हणून बसमध्ये ओठ चावत आले, आणि या दोघी वर्षभर मुक्यानं नांदत होत्या! "महामूर्ख आहात दोघी," मी माईकमध्येच म्हणाले. टेबलावरच्या वड्या पिशवीत भरल्या. इस्क्रा शेजारच्या दुकानातून व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा घेऊन आली, साबणाऐवजी तेच टेबलावर मांडलं आणि पोरांना सांगू लागली, "मी नीट विचारलंच नव्हतं. तुम्ही विचारून घ्या." खरं सांगते, त्यानंतर टेबलाभोवती जास्त गर्दी झाली.

"काकू, सूर्यफुलाच्या तेलाचा होतो का साबण?" तिनं मला हळूच विचारलं.

"होतो. पण ढवळायला तू यायचंस."

संध्याकाळी बसच्या वेळेपर्यंत मी त्यांच्या खोलीत टेकले. मी घरून आणलेला सॉसेजचा पुडा घेऊन रुमेंका सवयीनं दाराकडे निघाली. इस्क्रा उठली आणि तिनं खिडकी सताड उघडली.

"जिन्यात गारठा असतो," ती म्हणाली. "इथंच बसून खा."