पावतीवरची तिसरी ओळ

वर्ना स्टेनरूड या बाईवर मी अकरा वर्षं डोळे मिटून विश्वास ठेवला. आता तिचं नुसतं नाव निघालं तरी माझ्या डोक्यात तिडीक जाते.

वर्नाचा कुत्र्यांच्या पट्ट्यांचा धंदा. धंदा म्हणजे तिच्या घरामागची पत्र्याची शेड, दोन शिलाई मशिनी आणि चामडं. मोंटानातलं आमचं गाव एवढंसं, पण पट्टे लांब लांब जातात, कारण विक्री सगळी वेबसाइटवरून. निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकं वॉशिंग्टन राज्यातली. कुत्र्यावर पैसे उधळायची तिथल्या लोकांना भारी हौस. कापायचं, टोचायचं, शिवायचं, खोक्यात भरायचं, सगळं मीच करायचे. वर्ना एकाहत्तरची, तिची बोटं वाकडी झालेली. या एप्रिलमध्ये तीच म्हणाली, "ट्वायला, धंदा तूच घे. परक्याच्या घशात कशाला घालू?"

अडतीस हजार डॉलर ठरले आणि शेडच्या दारात आम्ही हात मिळवले. आमच्याकडे हात मिळवला की व्यवहार झाला, कागद मागाहून होतो. त्या अडतीस हजारांसाठी मी सात वर्षं रविवारच्या रविवार मोटेलच्या खोल्या झाडल्यात, लोकांच्या चादरी बदलल्यात. नवऱ्याने घर सोडलं तेव्हा माझ्या नावावर एक जुनी गाडी होती, बस्स. ती शेड माझी होणार होती.

सही शुक्रवारी होती. बुधवारी मी कागद दाखवायला टॉलेफसनकडे गेले. ते तालुक्याच्या गावातले हिशेबनीस, अगदी हळू बोलणारा माणूस. त्यांनी वॉशिंग्टनच्या गिऱ्हाइकाची एक पावती उचलली आणि तिच्यावर बोट ठेवलं. पट्टा चौसष्ट डॉलर, टपाल आठ, आणि खाली तिसरी ओळ: टॅक्स, सात डॉलर वीस सेंट.

"हा कुठे भरलात?" त्यांनी विचारलं.

"कॉम्प्युटर भरत असेल की."

टॉलेफसननी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कॉम्प्युटर गिऱ्हाइकाकडून घेतो, बाई. पुढे पाठवायचा आपण. वर्षाला लाख डॉलरच्या वर माल त्या राज्यात गेला, की तिथे नाव नोंदवायचं आणि घेतलेला टॅक्स त्यांना भरायचा. आपलं दुकान कुठे का असेना."

आता आमच्या राज्यात विक्रीकरच नाही. चिठ्ठीवर चौसष्ट लिहिले असतील तर चौसष्टच मोजायचे, आणि त्याचा आम्हाला कोण अभिमान. परराज्यातला पाहुणा गल्ल्यापाशी जादा चिल्लर काढायला लागला की आम्ही त्याला हसतो. ज्याने जन्मात कधी टॅक्स घेतला नाही, त्याला घेतलेला टॅक्स पुढे द्यायचा असतो हे कुठून सुचणार? वेबसाइट बनवणाऱ्याने टॅक्सच्या सगळ्या रकान्यांत खूण करून ठेवली, आणि पैसे पट्ट्यांच्या पैशांतच येऊन पडत राहिले.

टॉलेफसननी पाच वर्षांची बेरीज केली. एकसष्ट हजार निघाले.

"हे वर्नाचं देणं ना?" मी म्हटलं.

"शुक्रवारपर्यंत. धंदा घेतलात की देणं त्याच्याबरोबर येतं. वर्नाने दिलं नाही तर वॉशिंग्टनवाले तुम्हाला धरतील." मग म्हणाले, "एक बरं आहे. त्यांचं पत्र यायच्या आत आपण होऊन गेलं, तर दंड बराचसा सोडतात. मूळ रकमेतला मात्र एक सेंट सुटत नाही."

परत येताना मला वर्नाचीच काळजी. म्हातारी हाय खाईल म्हणून, मी मूर्ख, बेकरीत थांबून हकलबेरी-पाय घेतला, रानबेऱ्यांचं सारण भरलेला केकसारखा पदार्थ. बाईला गोड खाऊ घालून वाईट बातमी द्यायची म्हणे.

वर्ना शेडमध्ये पितळी बकलं निवडत बसली होती. मी टॅक्सचं आणि एकसष्ट हजारांचं सांगितलं. तिने मान वर केली नाही.

"त्यांचं काय ऐकतेस," ती म्हणाली. "ते लोक सगळ्यांनाच लिहितात."

"कोण लिहितं? मी लिहिण्याचं बोललेच नाही."

वर्नाचा हात बकलांत तसाच राहिला. मी उठून तिच्या टेबलाचा खण ओढला. दोरे, मेण, आणि खाली एक लांबट पाकीट, वॉशिंग्टन राज्याच्या महसूल खात्याचं. फोडलेलं, वाचलेलं, नीट घडी घातलेलं. तारीख मार्चमधली होती.

"मार्च," मी म्हटलं. "आणि हात एप्रिलमध्ये मिळवलास."

"ट्वायला, ऐक."

"काय ऐकू? सात वर्षं मी लोकांचे संडास घासले ते तुझं घोंगडं गळ्यात घ्यायला? परक्याला द्यायचं नव्हतं ना तुला? परक्याने वकील आणला असता, म्हणून नव्हतं द्यायचं. ट्वायला आहेच, गाढव, हात दिला की मागे घेत नाही."

"मी घाबरले होते गं."

"घाबरलीस तर मला सांगायचं. अकरा वर्षं एका थर्मासमधली कॉफी प्यायलोय आपण."

मग मात्र ती उसळली. "आणि तू गं? पावती खोक्यात कोण टाकायचं? पाच वर्षं ती ओळ तुझ्याच हाताखालून गेली. नाताळात बक्षिसाचं पाकीट घेताना विचारलंस कधी, वर्ना, एवढे बाराशे आले कुठून? पट्ट्यामागे काय सुटतं ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक."

ते खरं होतं, याचाच संताप जास्त आला. खोटं बोलली असती तर दोन शब्द ऐकवले असते. विचारलं नव्हतं मी. दर नाताळात पाकीट उघडून गाडीत बसून रडले होते, आनंदाने. बेकरीचं खोकं तसंच टेबलावर टाकलं आणि घरी गेले.

शुक्रवारी सहीच्या वेळेला मी शेडमध्ये गेले. वर्नाने धुतलेला ब्लाउज घातला होता, कागद मांडून ठेवले होते. बाईची हिंमत बघा. मला वाटतं, मी येणार आणि सही करणार, असं तिला खरोखरच वाटत होतं.

"हात दिला होतास," ती म्हणाली.

"दिला होता. खण उघडल्यावर परत घेतला."

मी सहा हजारांचा चेक बकलांच्या डब्याखाली ठेवला. बाराशे पंचे सहा हजार, पाच नाताळांचे. उरलेल्या बत्तीस हजारांत शेड येत नाही, आणि मोटेलचे रविवार काही संपत नाहीत.

वर्नाने चेक घाईघाईने ओढून घेतला. टॅक्स भरायला तळ्याकाठची तिची केबिन आता विकावी लागणार होती. दंड टाळायची वेळ मार्चमध्ये पत्र आलं तेव्हाच गेली होती. "तुझं मन मोठं आहे गं," ती म्हणाली, आणि चष्मा लावून नाव वाचलं.

चेक तिच्या नावाचा नव्हता. तो वॉशिंग्टन राज्याच्या महसूल खात्याच्या नावाचा होता.

मी चामडं टोचायची माझी आरी घेतली, ती माझी स्वतःची होती, आणि निघाले.